समुद्राच्या कडेनं, निवांत

प्रश्न: आम्ही दोघंही रिटायर, मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. तिथून लॉस एंजेलिसपर्यंत किनाऱ्यानं स्वतः गाडी चालवत जायचंय, ह्यांना पुण्याच्या हायवेची सवय आहे, जमेल का? किती दिवस ठेवू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, नक्की जा! आणि उत्तरेकडून दक्षिणेकडंच जा, कारण तिकडं गाडी उजव्या बाजूनं चालते, त्यामुळं समुद्र अख्खा तुमच्या बाजूला राहतो आणि थांबायला गाडी पटकन कडेला घेता येते. पहिला दिवस काकांना आतल्या साध्या रस्त्यावर हात बसवू द्या, आंतरराष्ट्रीय लायसन्स सोलापूर आरटीओतूनच काढून घ्या. दिवस पाच-सहा तरी ठेवा, दोन दिवसात उरकायची गोष्टच नाही ही.

मॉन्टेरे गावाच्या खाली बिग सर हा किनाऱ्याचा पट्टा लागतो, एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली फेसाळता पॅसिफिक, आणि मधे 1932 सालचा बिक्सबी पूल. तिथं मोबाइलला रेंज नसते, पेट्रोल महाग, म्हणून टाकी आधीच फुल करा. दरड कोसळून रस्ता बंद पडतो, निघायच्या दिवशी सकाळी चौकशी केल्याशिवाय निघू नका. जून-जुलैत धुकं फार, सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट.

पुढं सॅन सिमिऑनजवळ पिएड्रास ब्लांकासला वाळूत एलिफंट सील, म्हणजे अवाढव्य समुद्री प्राणी, लोळत पडलेले असतात, पंखासारख्या पायानं अंगावर वाळू उडवत, घोरल्यासारखा आवाज काढत, तिथं तासभर बाकावर बसाच. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की दुपारच्या जेवणाला हॉटेल शोधत फिरायला नको.