चार्टवरचा जुना आकडा

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. सात महिने व्हेंटिलेटरवर असलेल्या, स्वतःहून कूसही बदलता न येणाऱ्या रुग्णाला किती कॅलरी द्यायच्या, असं विचारलंयस. आधी चार्टवरचा कॅलरींचा आकडा कुठल्या तारखेचा आहे ते बघ. बहुतेक वेळा तो भरती झाल्या दिवशीचाच असतो.

वजनाच्या किलोमागे दिवसाला २५ कॅलरी हा हिशेब आयसीयूतल्या तीव्र आजारात ठीक. महिने लोटले की ताप उतरलेला असतो, श्वासाचं बरंचसं काम यंत्र करतं, स्नायू झिजतात आणि विश्रांतीतला खर्चही उतरतो. विश्रांतीतल्या खर्चाचा अंदाज काढणारं १९१९चं हॅरिस-बेनेडिक्ट समीकरण तर निरोगी माणसांच्या मोजमापांवर बेतलेलं. त्याला वजन कळतं. त्या वजनात स्नायू किती, चरबी किती, हे कळत नाही.

माझ्या हातून ही चूक झाली आहे. भरतीच्या वेळी ६० किलो असलेल्या एका रुग्णाला मी कित्येक महिने रोज १५०० कॅलरी देत राहिले. वजन वाढत होतं, गाल भरले होते, मला बरंच वाटायचं. एका सकाळी स्पंजिंग चालू असताना मी तिथे उभी होते. नर्सनं पाय उचलला तर पोटरी तिच्या मुठीत मावत होती, आणि पोटाला मात्र वळ्या. त्याच दिवशी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजून घेतला: मिनिटाला १३० मिली. तो ८.१९ या ठरलेल्या गुणकाने गुणल्यावर दिवसाचा खर्च निघाला साधारण १०६५ कॅलरी. वरच्या चारशेहून अधिक कॅलरींची मुख्यतः चरबी होत होती. शिवाय जादा अन्नाचा जादा कार्बन डायऑक्साइड त्याच दमलेल्या छातीनं बाहेर टाकायचा, आणि आम्ही त्याचं व्हेंटिलेटर सोडवायला बघत होतो. हे मला आजही खुपतं.

इनडायरेक्ट कॅलरीमेट्री, म्हणजे श्वासातले वायू मोजून खर्च काढणं, मिळाली तर तीच कर, तिच्यात ऑक्सिजनही मोजला जातो. ८.१९चा हिशेब श्वसन गुणांक (बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन) ०.८६ च्या आसपास धरतो, म्हणून तो अंदाजच. ट्रॅकिओस्टोमीच्या, म्हणजे गळ्यातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या, फुग्याजवळून (कफ) हवा गळत असेल किंवा व्हेंटिलेटरची सेटिंग नुकतीच बदललेली असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नकोस.

आणि फीड, म्हणजे नळीतून दिलं जाणारं पातळ अन्न, कमी करताना प्रथिनं कमी होऊ देऊ नकोस. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. दीड लिटरचं फीड एक लिटरवर आणलं की प्रथिनंही एक तृतीयांशानं घटतात, आणि झिजलेल्या स्नायूंना तेवढीच तर हवी असतात. प्रथिनांचा हिशेब वेगळा मांड, किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास, कमी पडेल तेवढी पावडर फीडमध्ये घाल. मूत्रपिंडांचं काय म्हणणं आहे, ते डॉक्टरांना विचारून घे.

बेडसोर झाला किंवा जंतुसंसर्ग झाला की खर्च पुन्हा चढतो, मग हा उतरवलेला आकडाही जुना होतो.

उद्या वजन, दंडाचा घेर आणि गेल्या तीन दिवसांत प्रत्यक्ष पोटात गेलेलं फीड लिहून काढ. लिहून दिलेलं नको, गेलेलं. मला पाठव, आपण मिळून मांडू.

तुझी ताई