आधी येवल्याला जाऊन ये

लोगो, पॅकेजिंग, दुकानाची मांडणी, सगळ्याचंच डिझाइन करायचंय म्हणतोस ना? कर. पण आधी येवल्याला जाऊन एक दिवस पैठणीच्या मागाशेजारी बस. काठावरच्या मोराची मान गोल दिसते, पण जवळून बघ, ती धाग्याधाग्यानं, पायरीपायरीनं वळलेली असते. नाशिकच्या पांडवलेण्यातली छिन्नीनं कोरलेली ब्राह्मी अक्षरंही तशीच निरखून बघ.

माझं पहिलं मोठं काम बेदाण्याच्या खोक्याचं. स्क्रीनवर देखणं होतं. छापून आलं तर नावाची वेलांटी नेमकी घडीत गेलेली! फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून पुठ्ठ्याचा डमी हातानं कापून, घड्या घालून, आत माल भरून बघितल्याशिवाय मी फाइल प्रेसला देत नाही.

गिऱ्हाइकाला आधी रंग विचारू नकोस, माल कोण विकतं ते विचार. आणि अर्धे पैसे आगाऊ घे.