वाचकांचे प्रश्न : फ्रेम रिलेवर शाखा एकमेकींपर्यंत का पोहोचत नाहीत?

प्रश्न : सरावासाठी तीन सिस्को राउटर फ्रेम रिलेवर (सामायिक जाळ्यातून दूरची ठिकाणे जोडण्याची जुनी पद्धत) जोडले आहेत : मुख्य राउटर १०.१.१.१, शाखा ‘ब’ १०.१.१.२ आणि शाखा ‘क’ १०.१.१.३. मुख्य राउटरवरून दोन्ही शाखांना पिंग (पोहोच तपासणारा संदेश) जातो, पण ‘ब’ आणि ‘क’ यांच्यात जात नाही. पीव्हीसी (दोन राउटरांमधले कायमचे आभासी दुवे) सगळीकडे ॲक्टिव्ह आहेत. मधला फ्रेम रिले स्विच बिघडला असेल का?

उत्तर : स्विचला हात लावू नका. पीव्हीसी ॲक्टिव्ह आहेत, तेव्हा दोष राउटरच्या नोंदींत आहे. ‘ब’वर ‘शो फ्रेम-रिले मॅप’ द्या, फक्त १०.१.१.१ ची नोंद दिसेल. या नोंदी आपोआप भरणाऱ्या इन्व्हर्स एआरपीला पीव्हीसीच्या थेट पलीकडच्या टोकाचाच पत्ता कळतो आणि ‘ब’-‘क’मध्ये पीव्हीसीच नाही. ‘क’साठीचे पॅकेट कोणत्या डीएलसीआयवर (राउटरवरचा पीव्हीसीचा क्रमांक) टाकायचे हे ‘ब’ला ठाऊक नसल्याने ते बाहेरच पडत नाही. ‘डीबग आयपी पॅकेट’ लावलेत तर ‘एन्कॅप्सुलेशन फेल्ड’ असे स्पष्ट दिसेल.

समजा, मुख्य राउटरकडे जाणारा डीएलसीआय ‘ब’वर २०१ आणि ‘क’वर ३०१ आहे. मग ‘ब’च्या इंटरफेसवर ‘फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.३ २०१’ आणि ‘क’वर ‘फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.२ ३०१’ द्या. एकाच बाजूला दिलेत तर पिंग पोहोचेल, उत्तर परतणार नाही.

इथे एक खोच आहे. हाताने मॅप दिला की त्या डीएलसीआयवर आयपीसाठी इन्व्हर्स एआरपी बंद होते. मुख्य राउटरची आधी शिकलेली नोंद तेवढ्यापुरती टिकते, म्हणून सगळे सुरळीत वाटते. राउटर रीस्टार्ट झाला की मुख्य राउटरही हरवतो. त्यामुळे दोन्ही शाखांवर १०.१.१.१ चाही मॅप द्या आणि सर्वांसाठीचे संदेशही त्या पीव्हीसीवर पाठवू देणारा ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द फक्त या १०.१.१.१ च्या ओळीच्या शेवटी जोडा. दोन्ही ओळींना जोडलात तर रिपचे (राउटरांत मार्गांची माहिती वाटणाऱ्या प्रोटोकॉलचे) प्रत्येक अपडेट त्याच पीव्हीसीवर दोनदा जाईल.

पिंग जाऊनही रिपचे मार्ग एका शाखेचे दुसरीला मिळत नसतील, तर स्प्लिट होरायझन पाहा, म्हणजे ज्या इंटरफेसवरून मार्ग कळला त्याच इंटरफेसवरून तो परत न सांगण्याचा नियम. फ्रेम रिलेच्या मूळ इंटरफेसवर ते मुळातच बंद असते, मल्टिपॉइंट सबइंटरफेसवर (अनेक पीव्हीसी सांभाळणारा, इंटरफेसचा तार्किक भाग) मात्र चालू. ते चालू असेल तर मुख्य राउटरवर ‘नो आयपी स्प्लिट-होरायझन’ द्यावे लागेल. पत्ते बदलायची मोकळीक असेल, तर प्रत्येक शाखेसाठी वेगळा पॉइंट-टू-पॉइंट (एकाच पीव्हीसीचा) सबइंटरफेस आणि वेगळा सबनेट हाच मार्ग आम्ही सुचवू. मॅपची कटकटच संपते.

प्रश्न : इंटरफेस अप, पण लाइन प्रोटोकॉल डाउन. कुठून सुरुवात करू?

उत्तर : एलएमआयपासून, म्हणजे राउटर आणि स्विच यांच्यातल्या स्थितीच्या चौकशी-उत्तरांपासून. ‘शो फ्रेम-रिले एलएमआय’ दहा-दहा सेकंदांनी पाहा. पाठवलेल्या चौकशा वाढताहेत, उत्तरांचा आकडा हलत नाही, असे असेल तर एलएमआयचा प्रकार स्विचशी जुळवा : सिस्को, अँसी किंवा क्यू९३३ए. हाताने प्रकार दिलेला असल्यास राउटर तो स्वतः ओळखत नाही, म्हणून आधी ती ओळ काढून पाहा. लाइन अप झाल्यावर पीव्हीसी ‘डिलीटेड’ दिसली, तर तो डीएलसीआय स्विचवर नाही. ‘इनॲक्टिव्ह’ दिसली, तर पलीकडचा राउटर तपासा.