पागेत खोगीर आणि चंदी सुरक्षित कशी ठेवावी?

तुमचा घोडा दुसऱ्याच्या पागेत आहे, सामानाची खोली सगळ्या मालकांत एकच, आणि खोगीर चोरीला जाण्याची, चंदीला, म्हणजे घोड्याच्या दाण्याला, उंदीर लागण्याची धास्ती आहे.

आधी कुलूप नव्हे, कोयंडा बघा. भारी कुलूप चार स्क्रूंवर लटकत असेल तर चोराला पेचकस पुरतो. आरपार बोल्ट घालून नट आतल्या बाजूने आवळा. खोगिरावर सहज न दिसणाऱ्या जागी खूण ठोका, फोटो काढून ठेवा. चावी कोणाकडे, हे मोतद्दाराशी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याशी, स्पष्ट बोला.

चंदीला कुलूप मात्र घोड्याच्या जिवासाठी. घोड्याला उलटी करता येत नाही. रात्री सुटून त्याने धान्यावर ताव मारला तर पोटशूळ उठतो, खुरांचा दाह होऊन तो कायमचा लंगडू शकतो. असं घडलंच तर लक्षणांची वाट पाहू नका, लगेच पशुवैद्यांना बोलवा.

साठवायला घट्ट झाकणाचं पत्र्याचं पिंप, लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. प्लास्टिक उंदीर कुरतडतात. जुन्या चंदीवर नवं पोतं कधीही ओतू नका. तळाला हात घालून वास घ्या, कुबट आला तर सगळं फेका. उंदराचं औषध त्या खोलीत नकोच.

पावसाळ्यात चामडं प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की आठवड्यात पांढरी बुरशी धरते. घाम पुसून, सुती चादर टाकून, हवेशीर ठेवा.