केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये अगरऐवजी साबुदाणा चालेल का?

कॉलेजच्या लहानशा लॅबमध्ये केळीची रोपं करताय, माध्यम घट्ट करायला लागणारा अगर (समुद्री शेवाळापासूनचा पदार्थ) परवडत नाही, म्हणून साबुदाणा वापरावा का, असं तुम्ही विचारलंय. मी इंदूरला अशाच एका लॅबमध्ये माध्यम, म्हणजे कोंब ज्यावर वाढतात ते पोषक मिश्रण, तयार करण्याचं काम करते. माझा सल्ला: साबुदाणा नको, इसबगोल घ्या.

साबुदाणा फार लागतो. अगर लिटरला ७-८ ग्रॅम पुरतो, साबुदाणा १०० ग्रॅमच्या आसपास घालावा लागतो. शिवाय आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात माध्यम सैल पडून कोंब कलंडले. स्टार्चच वापरायचा असेल तर त्याला जेलराइटची (माध्यम घट्ट करणारी दुसरी एक पावडर) जोड द्या. सफरचंद, नाशपातीसाठी लिटरला ५० ग्रॅम मक्याचा स्टार्च आणि अर्धा ग्रॅम जेलराइट हे प्रमाण वापरलं गेलंय. नुसता जेलराइट २-२.५ ग्रॅमवर काचेसारखा स्वच्छ बसतो, पण त्यावर कोंब पाणचट होण्याची भीती जास्त.

इसबगोल आमच्याकडे नीमच-मंदसौरकडचा येतो. इथल्या सियागंज बाजारात सत इसबगोल मागा, म्हणजे नुसता भुसा मिळेल. प्रमाण लिटरला ३० ग्रॅम. खरी अडचण कालवण्याची आहे. पाणी लागताच तो फुगतो आणि गुठळ्या धरतो, गरम माध्यमात तर लगेच. मोठ्या भांड्यात कालवून बाटल्या भरायला गेलात तर निम्मा माल भांड्यालाच चिकटून राहतो. म्हणून आम्ही भुसा कोरडाच वजन करून एकेका बाटलीत घालतो, ४० मिलिलिटरला १.२ ग्रॅम, आणि वरून थंड माध्यम ओतून लगेच हलवतो. पीएच ५.८ त्याआधीच करून ठेवा, नंतर त्या चिकात मोजणं जमत नाही. मग नेहमीसारखं १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करायचं, आणि बाटल्या गरम असतानाच पुन्हा एकदा हलवायच्या.

हे माध्यम गढूळ दिसतं, त्यामुळे तळाशी धरलेला जंतुसंसर्ग उशिरा कळतो. म्हणून सुरुवातीचा कंदाचा तुकडा अगरवरच लावा. तो निर्जंतुक आहे याची दोन-तीन आठवडे पाहून खात्री झाली की कोंब वाढवण्यासाठी इसबगोलवर न्या. बाटल्या सर्वांत जास्त तिथेच लागतात, त्यामुळे बचतही तिथेच होते. पहिल्या खेपेला दहा-बारा बाटल्या अगरच्याही ठेवा आणि दोन्हींतले कोंब मोजून पाहा.

रोपं बाहेर काढताना मुळांना चिकटलेला बुळबुळीत थर कोमट पाण्याने पूर्ण धुवा. तो राहिला तर हार्डनिंगच्या (रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावण्याच्या) ट्रेमध्ये बुरशी धरते. माझा एक अख्खा ट्रे असाच गेला.