१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येत विशेष काय? हा मनोरा पुढेही असाच चढतो का?

नाही चढत. या ‘नाही’साठी मी आठवीत वर्गाबाहेर उभी राहिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सरांनी फळ्यावर ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१ असं करत नऊ एकांपर्यंत नेलं. तुमची संख्या तीच, १११११११११ चा वर्ग. मग म्हणाले, असंच कितीही पुढे जा.

घरी मी चौकटीच्या वहीत तो नऊ एकांचा आकडा नऊ वेळा लिहिला, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. मग फक्त उभ्या रांगांतले एक मोजायचे: कडेला १, मग २, मधोमध ९, पुन्हा उतरत १. हातचा कुठेच येत नाही, सगळी जादू तेवढीच. नंतर दहा एक घेतले. मधल्या रांगेत दहा झाले. शून्य, हातचा एक. शेजारचे नऊ नि एक दहा, पुन्हा शून्य, हातचा एक. त्यापलीकडच्या आठाचे नऊ झाले. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गेला!

दुसऱ्या दिवशी वही पुढे केली. सरांनी उघडलीच नाही. “फळ्यावर दिसतंय ना?” मी पुन्हा बोलले आणि तास संपेपर्यंत बाहेर. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

बाकी वैशिष्ट्यं: अंकांची बेरीज ८१. संख्येला त्याच ८१ ने गुणा, ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो, म्हणजे ९९९९९९९९८००००००००१. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा ९९९९९९९९९. अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. साध्या कॅल्क्युलेटरवर हे पडताळू नका, सतरा अंक मावत नाहीत.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव द. रा. कापरेकरांनी दिलं, डोंबिवली स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून. ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. शाळामास्तर राहून माणूस आयुष्यभर आकड्यांशी खेळू शकतो, तर मुलीची वही उघडायला दोन मिनिटं नाहीत हे मला कधीच पटणार नाही. तुम्ही शिकवत असाल तर नवव्या पायरीवर थांबा, दहावी मुलांना मांडू द्या, आणि वही बघा.

एक सांगायचं राहिलं. डेम्लो संख्यांचं कुळ या वर्गांपेक्षा मोठं आहे, ते इथे घेतलं नाही. आणि नऊची मर्यादा दशमान पद्धतीची आहे. सोळा पायाच्या पद्धतीत, म्हणजे जिथे दहाऐवजी सोळा झाल्यावर हातचा येतो तिथे, मनोरा पंधरा एकांपर्यंत चढतो. म्हणजे सरांचं म्हणणं तिथे सहा पायऱ्या जास्त टिकलं असतं. सोळाव्या पायरीला तिथेही हातचा येतोच.