टीव्हीवर लॅपटॉपच्या कडा कापल्या जातात

प्रश्न : मी घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. लॅपटॉप एचडीएमआय केबलने ४३ इंची फुल एचडी टीव्हीला जोडला, की चित्राच्या चारही कडा कापल्या जातात. खालचा टास्कबार दिसतच नाही. अक्षरं पुसट येतात, काळ्यावर लाल लिहिलेलं तर मुलांना वाचताच येत नाही. दुकानदार म्हणतो, महागातली केबल घ्या. घेऊ का?
— एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर : नका घेऊ, ताई. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. केबल खराब असली तर चित्र मध्येच जातं, पडद्यावर ठिपके चमकतात, नाहीतर 'नो सिग्नल' येतं. चारही कडा सारख्या कापणं केबलला जमतच नाही. शिकवणीचे पैसे त्यात घालू नका.

दुखणं टीव्हीत आहे. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून चित्र मुद्दाम जरा मोठं करून त्या चौकटीआड ढकलत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट पडद्याला त्याची काही गरज नाही, तरी कित्येक टीव्ही आजही ते चालू ठेवूनच घरी येतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण भुर्दंड तुमच्यासारख्यांना पडतो.

हिशेब तुम्हाला लगेच पटेल. चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचं. प्रत्येक बाजूने पाच टक्के कापलं, तर खालचे ५४ ठिपके गेले. विंडोज १० चा टास्कबार साधारण ४० ठिपके उंच, म्हणजे तो अख्खा गेला. उरलेलं चित्र ताणून पडदाभर केलं, की लॅपटॉपचा एक ठिपका टीव्हीच्या एका ठिपक्यावर बसत नाही आणि अक्षर पसरतं. कापणं आणि पुसटपणा, दोन्ही तिथूनच.

लॅपटॉप जोडलेला ठेवा, टीव्ही त्याच एचडीएमआय सोर्सवर असू द्या आणि रिमोटवरून चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये जा. एलजीवर 'जस्ट स्कॅन', सॅमसंगवर 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीवर 'डिस्प्ले एरिया'खाली 'फुल पिक्सेल' शोधा. इतरांत '१:१' किंवा 'डॉट बाय डॉट' असं काहीतरी असतं. कुणी म्हणेल, लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये चित्र लहान करा. कडा दिसतील, पण लॅपटॉप आवळणार आणि टीव्ही पुन्हा ताणणार, त्यात अक्षरांचे हाल. टीव्हीत पर्यायच नसेल तरच त्या वाटेला जा.

लाल अक्षरांचं कारण वेगळं. सिनेमा दाखवताना बरेच टीव्ही उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची घेतात, रंगाची मात्र शेजारच्या ठिपक्यांत वाटून टाकतात. सिनेमात ते कळत नाही. काळ्यावरच्या बारीक लाल रेषेत लगेच कळतं : एक्सच्या डोक्यावरचा वर्गाचा छोटा २ नुसता लाल डाग होतो, आणि मागच्या रांगेतलं पोर तो सोडूनच गणित उतरवून घेतं. सोर्सच्या यादीत त्या एचडीएमआयचं नाव किंवा चिन्ह बदलून 'पीसी' करा. सॅमसंग आणि एलजीच्या बऱ्याच टीव्हींत एवढ्याने प्रत्येक ठिपक्याचा रंग जपला जातो. शार्पनेसही खाली आणा. अक्षरांभोवतीची पांढरट कड त्याचीच.

शेवटी लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबा. 'डुप्लिकेट' असेल आणि लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा असेल, तर टीव्हीलाही तेवढंच चित्र जाऊ शकतं. 'एक्स्टेंड' निवडा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीसाठी १९२० बाय १०८० ठेवा. मग गणित टीव्हीवर आणि उत्तरं तुमच्यापुरती लॅपटॉपवर ठेवता येतील.